घर आमचे, किल्ली त्यांची

“फायनल सीडी आहे ना तुमच्याकडे? मग झाले तर!”

हे वाक्य गेल्या दीड वर्षात मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की, आता ते उच्चारले जाण्यापूर्वीच समोरच्याच्या चेहऱ्यावरून मला ओळखता येते. आमच्या तालुक्याच्या गावातील संगणक-दुरुस्तीवाल्याने ते म्हटले. शाळेत संगणक शिकविणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्याने म्हटले. पुण्यास एका मोठ्या कंपनीत नोकरीस असलेल्या भाच्याने तर ते व्हिडिओ कॉलवर, जेवता जेवता म्हटले. तिघेही भले लोक. तिघांनाही माझे बरे व्हावे असेच वाटत होते. आणि तिघांचेही म्हणणे साफ चूक होते. ते का, हे सांगण्यासाठी संपादकांकडून ही पाने मी मागून घेतली आहेत.

आधी माझा अधिकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. वीस वर्षे मुलांना कुंचला कसा धरावा ते शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. चार छापून आल्या, त्यांपैकी एक लोकांनी वाचली. संगणकाच्या पोटात काय चालते ते मला ठाऊक नाही. परंतु घरात चोरी झाली म्हणून ओरडायला कुलूप घडवता यावे लागते असे थोडेच आहे?

तर प्रश्न असा. इसवी सन २००० च्या आगेमागे आपल्या मध्यम स्थितीतल्या घरांतही हँडीकॅम शिरला. कोणी आखातातून आणला, कोणी हप्त्याने घेतला. त्याच सुमारास संगणकही आला, आणि त्याच्याबरोबर घरच्या घरी शूटिंग कापण्याजोडण्याची सॉफ्टवेअरे आली. मग बारशी, मुंजी, लग्ने, वास्तुशांती, सहली यांचे पट घरोघर तयार होऊ लागले. रात्री जेवणे आटोपल्यावर संगणकापुढे बसून ‘हा तुकडा ठेवू या, हा नको, येथे काकांचे नाव येऊ दे’ असे वाद घालण्यात पुष्कळ कुटुंबांच्या सुट्ट्या गेल्या आहेत. ते सगळे संकलनाचे काम ज्या फाईलीत साठवलेले आहे, तिला प्रोजेक्ट म्हणतात. आणि आज ती फाईल नव्या सॉफ्टवेअरात उघडू गेल्यास ते म्हणते, ही मला ओळखू येत नाही.

प्रोजेक्ट म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तेथेच आहे. कॅमेऱ्याने टिपलेले शूटिंग ही एक वस्तू. त्यातून निवडून, कापून, वर नावे व आवाज चढवून तयार झालेला पट ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू असते, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रोजेक्टच्या फाईलीत बहुधा चित्र नसते, आवाजही नसतो. तिच्यात असते ती केवळ एक याद: अमुक फितीतला, अमुक मिनिटापासून अमुक सेकंदापर्यंतचा तुकडा घ्या, त्यापुढे तमुक लावा, सांध्यावर एक चित्र दुसऱ्यात हळूच विरघळू द्या, येथे सनई बारीक करा, येथे हे नाव दाखवा. तासाभराचे शूटिंग मिनी-डीव्ही फितीवरून संगणकात उतरवले तर सुमारे १३ जीबी जागा खाते. ही याद त्यापुढे चिमूटभर. पण तासभराच्या गोंगाटातून काय ठेवावे आणि काय टाकावे, हे घरातल्या माणसांनी ठरवले ते त्या चिमटीत आहे. कॅमेरा काय, समोर येईल ते टिपतो. त्याला आत्या कोण आणि मांडवातला वाढपी कोण हे कळत नाही.

आता ‘फायनल सीडी’कडे वळतो. त्या काळी आपण जी व्हीसीडी बनवीत होतो, तिच्यातील चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. मूळ फितीवरील चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. म्हणजे सीडीत मुळाचा चौथा हिस्सा उरतो, तोही दाबून दाबून बसवलेला. आजच्या मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर ती लावून पाहा. नवरी कोणती आणि करवली कोणती हे साडीच्या रंगावरून ओळखावे लागते. शिवाय घरी लिहिलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. तो उन्हाने, दमटपणाने, वयाने विटतो, आणि मग तबकडी फिरते पण काही दाखवीत नाही. मूळ फिती जागेवर असल्या आणि प्रोजेक्ट उघडला, तर तोच पट आज पूर्ण तजेल्याने पुन्हा काढता येतो. प्रोजेक्ट न उघडला तर उरते ती ओळख हरवलेली सीडी आणि कापडात गुंडाळलेल्या फितींचा ढीग.

पण याहूनही मोठे कारण निराळे आहे. ‘फायनल’ म्हणणाऱ्यांनी असे गृहीत धरले आहे की घरचा पट कधीतरी पुरा होतो. तो पुरा होत नाही. धंदेवाईक चित्रपटाला तारीख असते, निर्माता दारात उभा असतो. घरच्या पटाला कसली तारीख? पाहुण्यांना वाटायला म्हणून वीस मिनिटांची, गाणी लावलेली एक सीडी काढतात. आणि खरा पट, घराचा म्हणून जो असतो तो, पुढच्या सुट्टीत करू, मे महिन्यात करू, असा वर्षानुवर्षे घडत राहतो. लोणचे जसे बरणीत मुरत असते, तसे ते काम चाललेले असते. त्या कामाची एकच प्रत असते, आणि ती म्हणजे प्रोजेक्ट.

माझ्याच घरचे सांगतो. २००५ सालच्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या गावच्या घरी अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. आत्या, चुलत्या, आईच्या मावश्या, कोणाच्या कोण. मस्कतहून दाजींनी आणलेला हँडीकॅम माझ्या हाती होता. शूटिंग झाले, पण फटाक्यांच्या आवाजात बोलणे एक ऐकू येईना. पुढल्या मे महिन्यात मी आईला संगणकापुढे बसवले, दीडशे रुपयांचा मायक्रोफोन तिच्या तोंडासमोर धरला, आणि चित्र पाहत पाहत कोण कोण आहे ते बोल, असे सांगितले. तिने सतरा वेळा थांबत, हसत, एकदा डोळे पुसत ते सांगितले. ते सतरा तुकडे मी चित्रावर जागच्या जागी बसवले. पाहुण्यांच्या सीडीत यातले काही नव्हते. तेथे गाणी होती. हा पट घरचा होता आणि त्यात आईला आणखी सांगायचे होते, म्हणून तो आम्ही उघडाच ठेवला होता.

आई २०१९ साली गेली. मागल्या वर्षी मी तो प्रोजेक्ट उघडू गेलो, तो उघडेना. ज्या सॉफ्टवेअरात तो केला, त्याची नवी आवृत्ती माझ्यापाशी आहे. पैसे मोजून घेतलेली आहे. तिला आपल्याच थोरल्या भावाची भाषा समजत नव्हती. ते सॉफ्टवेअर कोणाचे, हे मी येथे सांगत नाही. माझे घरगुती भांडण छापण्याची ही जागा नव्हे, आणि पुढे दिसेल की या बाबतीत बहुतेक जण एका माळेचे मणी आहेत.

दुरुस्तीवाल्याने मला समजावले, “सर, आवाजाच्या फाईली शाबूत आहेत की! सतराच्या सतरा वाजतात. शूटिंगही आहे. मग गेले काय?”

गेले काय, ते ऐका. सहाव्या तुकड्यात आई म्हणते, “ही बघ, हिच्या हातची कडबोळी खाल्लीस का कधी? आणि हिच्या मागं लपलीय ना, तिनंच मला पहिल्या बाळंतपणात जगवलं.” ही म्हणजे कोणती? हिच्या मागे कोण लपली आहे? अंगणात तेवीस बायका आहेत. आवाज शाबूत आहे, चित्र शाबूत आहे. आईचे बोट कोणाकडे होते तेवढे मात्र गेले, आणि ते बोट त्या यादीत होते. माझ्या आईचा आणि पर्यायाने माझा जीव जिने वाचवला, तिचे तोंड माझ्या संगणकात आहे आणि मला ते दाखवता येत नाही. यावर मला ‘फायनल सीडी’ सांगतात!

हे माझ्या एकट्याचे दुर्दैव असते तर मी ते कादंबरीत घातले असते. आता जगजाहीर गोष्टी पाहू. विंडोज मूव्ही मेकर हे सॉफ्टवेअर २००० साली विंडोज एमईबरोबर फुकट आले आणि कोट्यवधी संगणकांत जाऊन बसले. २००९ साली त्याच नावाला ‘लाइव्ह’ हे विशेषण लावून मायक्रोसॉफ्टने नवे सॉफ्टवेअर आणले. नाव तेच, घराणे तेच. पण ते मुळापासून नवे लिहिलेले होते आणि आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट त्याला वाचता येत नव्हते. पुढे १० जानेवारी २०१७ रोजी तेही बंद करण्यात आले. २०२१ साली कंपनीने क्लिपचँप नावाचे तिसरेच सॉफ्टवेअर विकत घेतले. आज विंडोज ११ मध्ये ते मिळते. आजोबांची फाईल नातवाला दाखवा, तो तिच्याकडे पाहतही नाही.

ॲपलची तऱ्हा पाहा. २००७ साली त्यांनी आयमूव्ही हे घरगुती सॉफ्टवेअर पार मोडून नवे केले. जुने प्रोजेक्ट त्यात घेता येत, पण कसे? तुम्ही घातलेली नावे गळालेली, चित्रावरची करामत गळालेली, आणि सांध्यांचे निरनिराळे प्रकार जाऊन सगळीकडे एकच विरघळण. लोकांनी ओरड केली तेव्हा जुनी आवृत्ती काही काळ फुकट उतरवून घेऊ दिली. नवे घर बांधून दिले, आणि सामान हलवता येत नाही म्हणून जुन्या घरात चार दिवस राहण्याची परवानगी दिली, असा तो प्रकार.

मग २०११ चा जून आला. त्याच कंपनीने धंदेवाईक संकलकांसाठी फायनल कट प्रो एक्स काढले. आधीच्या सातव्या आवृत्तीत ज्यांनी चित्रपट, मालिका, माहितीपट जोडले होते, त्यांचे प्रोजेक्ट या नव्यात उघडत नव्हते. घरगुती आयमूव्हीचे उघडत होते! त्या वेळी अमेरिकेतल्या संकलकांनी जो गहजब केला तो ऐकण्यासारखा होता. मोठमोठे स्टुडिओ बोलले, विनंतीअर्जांवर सह्या झाल्या, दूरदर्शनच्या विनोदी कार्यक्रमांतून टर उडवली गेली. मागे घेतलेली सातवी आवृत्ती कंपनीला काही काळ पुन्हा विकावी लागली, आणि जुन्याचे नव्यात रूपांतर करणारे एक सॉफ्टवेअर बाहेरच्या एका लहान कंपनीने लिहून विकले. त्यातही मेख होतीच: त्या रूपांतरासाठी आधी सातव्या आवृत्तीतूनच याद काढून द्यावी लागे. म्हणजे जुने कुलूप उघडायला जुनी किल्ली हवीच. आणि जुनी किल्ली नव्या संगणकावर चालत नाही.

मला या प्रकरणातून दिसते ते एवढे. धंदेवाईकांचा आवाज होता, संघटना होत्या, खिशात पैसा होता. त्यांनी ओरडून काहीतरी पदरात पाडून घेतले. घरच्या पटाच्या बाजूने कोण ओरडणार? कराडच्या मास्तराच्या आईचे सतरा तुकडे उघडत नाहीत म्हणून कॅलिफोर्नियात कोणाची झोप मोडणार आहे?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे घेतो. ते अगदीच पोकळ नाही. म्हणतात, शास्त्र पुढे जाते. जुन्या सॉफ्टवेअरची चौकट नव्या संगणकाला पेलत नाही, जुन्या चित्रफितींच्या सांकेतिक पद्धती टाकाव्या लागतात, प्रत्येक जुनी गोष्ट सांभाळत बसले तर नवे कधी व्हायचे? २०१९ साली ॲपलने ३२ बिटांची सगळी सॉफ्टवेअरे आपल्या संगणकावर चालणे बंद केले, तेही याच न्यायाने.

ठीक आहे. जुने यंत्र चालवा असे मी म्हणतच नाही. मी म्हणतो, जुनी याद वाचा. या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यंत्र चालवायला खर्च येतो. याद वाचायला फक्त ती कशी लिहिली आहे हे ठाऊक असावे लागते. आणि ते कंपनीला ठाऊक असते, कारण तिनेच ती लिहिण्याची रीत ठरवली.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून उठली. आज रस्त्यातल्या शंभर माणसांत एकालाही ती वाचता यायची नाही. तरीही पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद वाचले जातात, वतनाच्या जुन्या सनदा वाचल्या जातात, मोडी शिकवण्याचे वर्ग निघतात. का? मोडीची बाराखडी कोणाच्या तिजोरीत बंद नव्हती म्हणून. एखाद्या सावकाराने ‘मोडी माझ्या मालकीची, आता मी ती बंद केली, तुम्ही माझी नवी लिपी विकत घ्या’ असे म्हटले असते, तर आपल्या आज्यापणज्यांनी त्याची गावातून धिंड काढली असती. आपण मात्र नवी आवृत्ती विकत घेऊन आलो.

बरे, सिनेमाच्या धंद्यातही हे अशक्य नाही. १९७१ साली अमेरिकेत सीएमएक्स नावाची संकलन-यंत्रे बनवणारी कंपनी निघाली. तिच्या यंत्रांसाठी संकलनाची याद साध्या अक्षरांत लिहिण्याची एक रीत पडली: कोणती फीत, कोठून, कोठपर्यंत, कोणत्या क्रमाने. ती कंपनी केव्हाच बुडाली. पण ती याद आजही दाविंची रिझॉल्व्हसारख्या आधुनिक सॉफ्टवेअरात उघडते, आणि काहीच न मिळाले तर कागदावर छापून डोळ्यांनी वाचता येते. अलीकडे पिक्सार या चित्रपट-कंपनीने ओपनटाइमलाइनआयओ नावाची अशीच एक रीत सर्वांना खुली केली आहे. केडेनलाइव्ह हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तर आपला प्रोजेक्ट साध्या मजकुराच्या रूपातच ठेवते. करता येते, करणारे करतात. घरगुती गिऱ्हाइकाला मात्र त्यातले काही द्यायचे नाही, अशी ही पंगत.

मायक्रोसॉफ्टचेच पाहा. त्यांचे कार्यालयीन कागदपत्र, म्हणजे वर्ड आणि एक्सेल, यांच्या जुन्या फाईली आत कशा रचलेल्या असतात याची माहिती त्यांनी २००८ साली छापून सर्वांना खुली केली. सरकारांचा आणि मोठ्या गिऱ्हाइकांचा रेटा होता, म्हणून केली. २०१४ पासून तर डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा एक उपक्रम निरनिराळ्या मेलेल्या सॉफ्टवेअरांच्या फाईलींचे कोडे उलगडून त्या नव्यात वाचण्याची सोय करतो आहे, तोही मोफत. हिशेबाच्या वह्यांचे जर एवढे, तर आईच्या आवाजाचे काय? टाळेबंद राहिला तर कोर्टात कोणी दावा लावणार नाही, एवढाच काय तो फरक.

भल्याला भले म्हटले पाहिजे. २०१२ सालच्या अखेरीस ॲडोबी कंपनीने आपल्या एका जुन्या संचाला परवाना देणारे केंद्र बंद केले, तेव्हा ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना परवान्याविना चालणाऱ्या प्रती दिल्या. म्हणजे दुकान बंद करताना गिऱ्हाइकाची ठेव त्याच्या हाती देऊन मग फळ्या लावल्या. एवढी रीत पाळणे जमते.

येथे एक गोष्ट आपल्या भाषेची म्हणून सांगितलीच पाहिजे. जुने प्रोजेक्ट महत्प्रयासाने उघडले तरी मराठी माणसाला आणखी एक ठेच लागते. त्या काळी आपण पटावर नावे घालायचो ती श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा टंकांत. त्या टंकांत ‘क’च्या जागी आत कोणतेतरी रोमन अक्षर लपलेले असे, आणि प्रत्येक टंकाची लपवाछपवी निराळी. नव्या संगणकावर तो टंक नसला की ‘सौभाग्यवती’च्या जागी रोमन अक्षरांची आणि स्वल्पविरामांची भेळ दिसते. पुढे युनिकोड रुळले, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच क्रमांक मिळाला, आणि ही पीडा टळली. जुना मजकूर युनिकोडात आणणारी साधनेही झाली. म्हणजे अक्षरांच्या बाबतीत आपण हा जाच एकदा भोगून त्यातून बाहेर आलो आहोत. त्या वेळीही म्हणणारे होतेच, ‘छापील कागद आहे ना तुमच्याकडे?’

आणखी एक आक्षेप राहिला. तो थोडा तुच्छतेचा आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. ‘तुमची लग्ने-मुंजी पाहणार कोण? इतिहासाला त्यांचे काय?’ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत एक कुस्ती चित्रित केली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो प्रसंग. त्या वेळी त्यांची किंमत काय होती? एका छायाचित्रकाराची हौस. आज त्या फिती उपलब्ध नाहीत, आणि मराठी माणूस हळहळतो. फितीचे एक बरे होते: सापडली असती तर उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी चित्र दिसले असते. आपल्या फायली सापडूनही दिसत नाहीत. २००५ सालच्या अंगणात बायका कशा बसत, कोण कोणाशी बोलत नसे, नव्या सुनेला कोठे बसवीत, हे कोणत्याही चित्रपटात मिळणार नाही. ते दिग्दर्शकाला ठाऊकच नसते.

माझ्या प्रोजेक्टचे पुढे काय झाले, ते ज्यांच्या घरी असेच काही पडून आहे त्यांच्या उपयोगाचे म्हणून सांगतो. एका वर्गमित्राच्या माळ्यावर त्याचा २००४ सालचा संगणक निघाला, चालू स्थितीत. त्यावर जुनी आवृत्ती मूळ तबकडीवरून चढवली. प्रोजेक्ट उघडला, पण सगळे तुकडे रिकामे. कारण यादीत चित्रांच्या जागा पूर्वीच्या पत्त्यांनी लिहिलेल्या असतात आणि मधल्या काळात मी त्या फाईली दुसरीकडे ठेवल्या होत्या. मग जुन्या प्रतीवरून पूर्वीचीच डिस्कची अक्षरे, पूर्वीचीच फोल्डरांची नावे, एक काना-मात्रा न बदलता, पुन्हा उभी केली. शूटिंगच्या फाईली हलवताना आणखी एक अडचण. जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर एका फाईलीला ४ जीबीची मर्यादा असते. डीव्हीचे शूटिंग वीस मिनिटांपूर्वीच ती ओलांडते. त्यासाठी नव्या आखणीची डिस्क लागली. हे सगळे झाल्यावर एका रात्री पडदा भरला आणि आई बोलू लागली.

सतरापैकी पंधरा तुकडे जागेवर होते. सहावा त्यात होता. हिच्या मागे लपलेली बाई कोण ते मला कळले. तिचे नाव येथे लिहीत नाही, तिच्या घरच्यांना जाऊन सांगून आलो. उरलेल्या दोन तुकड्यांखालची मूळ चित्रे मिळालेली नाहीत.

त्यानंतर मी दोन कामे केली. पट कोठेही न दाबता, फितीइतक्याच स्पष्टतेने नव्याने लिहून घेतला. आणि शाळेतल्या दोनशे पानी वहीत सगळी याद हाताने उतरवून काढली: फितीचा क्रमांक, कोठून, कोठवर, त्यावर कोणता आवाज. दोन आठवडे लागले. सहकारी हसले. हसोत. ती वही उघडायला कोणाचा परवाना लागणार नाही, आणि एखाद्या नातवाला वाटले तर कोणत्याही सॉफ्टवेअरात तो पट पुन्हा जोडता येईल.

पण घरोघरच्या माणसांनी दोनशे पानी वह्या भरत बसावे, हे काही उत्तर नव्हे. हे काम कंपन्यांचे आहे. सॉफ्टवेअर विकताना, ‘यादी साध्या मजकुरात काढा’ असे एक बटण त्यात असलेच पाहिजे. ते नसेल तर घेणाऱ्याने घेऊ नये. नवी आवृत्ती जुने प्रोजेक्ट वाचू शकत नसेल, तर तसे डब्यावर ठळक अक्षरांत छापावे, जसे औषधाच्या बाटलीवर विष आहे म्हणून छापतात. आणि सॉफ्टवेअर कायमचे बंद करावयाचे असेल, तर त्याच्या फाईलींची अंतर्गत रचना त्याच दिवशी सर्वांना खुली करावी. ज्या मालाची विक्रीच तुम्ही सोडून दिलीत, त्याचे गुपित जपून तुम्हाला कोणता नफा मिळणार आहे? ग्राहक-संरक्षणाचे कायदे करणाऱ्यांनी मिठाईच्या खोक्याच्या वजनाबरोबर कधीतरी याचाही विचार करावा.

तोपर्यंत वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या संकलन-सॉफ्टवेअरांच्या मूळ तबकड्या, त्यांच्या पाकिटावरचे क्रमांक, आणि त्या काळचे चालू संगणक निघाले तर भंगारवाल्यास देऊ नयेत. मला निदान तीन घरे ठाऊक आहेत जी अशा तबकडीच्या शोधात आहेत. ज्यांच्याजवळ असेल त्यांनी या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर मला एक पत्र टाकावे. तबकडी नेण्यास मी स्वतः येईन आणि काम होताच परत आणून देईन.